अनादी आणि आरंभ : काशीतील एका वादाचा सृष्टिविचार

काशीच्या पंडितमंडळात वाढलेल्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे या चित्पावन शास्त्र्यांनी १८४४-४५ मध्ये 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ रचला, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांच्या आसपास होते. ख्रिस्ती मताचे खंडन हा त्या ग्रंथाचा उघड हेतू. पुढे तीन-चार वर्षांतच, १४ मार्च १८४८ रोजी, याच शास्त्र्यांनी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले. १८६० मध्ये त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. ज्या दर्शनांच्या बळावर त्यांनी पूर्वी ख्रिस्ती मत खोडून काढले होते, त्या दर्शनांचेच खंडन या ग्रंथात आहे. शास्त्रीय परंपरेत एकच ग्रंथकार पूर्वपक्ष मांडतो आणि उत्तरपक्षही मांडतो, ही गोष्ट नित्याची. येथे मात्र पूर्वपक्ष व उत्तरपक्ष यांच्यामध्ये पंधरा वर्षे, दोन भाषा आणि एक धर्मांतर उभे आहे.

गोऱ्हे यांचे धर्मांतर आजवर प्रामुख्याने चरित्राच्या अंगाने वाचले गेले आहे. त्यांच्या मनातील तळमळ, मिशनऱ्यांचा सहवास, कुटुंबाचा विरोध यांची हकीकत सी. ई. गार्डनर यांच्या १९०० मधील चरित्रापासून वारंवार सांगितली गेली. परंतु दोन ग्रंथ समोरासमोर ठेवले तर ध्यानात येते की वादाचा कणा एका प्रश्नाभोवती आहे : जगाला आरंभ आहे की नाही? आणि आरंभ असेल तर त्यावरून ईश्वराविषयी नेमके काय सिद्ध होते?

वादाची सुरुवात जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षा' या संस्कृत पुस्तकाने झाली. म्यूर हे कंपनी सरकारचे स्कॉटिश अधिकारी. १८२८ मध्ये ते बंगालमध्ये आले. 'मतपरीक्षे'ची पहिली आवृत्ती १८३९ मध्ये निघाली. गुरुशिष्यसंवादाच्या रूपात, श्लोकबद्ध, खऱ्या धर्माची लक्षणे ठरवून त्या कसोटीवर मतांची परीक्षा करणारे हे पुस्तक. त्याला तीन संस्कृत उत्तरे मिळाली. पहिले १८३९ मध्येच सोमनाथ या नावाने, दुसरे १८४० मध्ये कलकत्त्याच्या हरचंद्र तर्कपंचाननांचे, तिसरे गोऱ्हे यांचे. रिचर्ड फॉक्स यंग यांनी १९८१ मध्ये या तिन्ही उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मते सोमनाथ म्हणजे भोपाळजवळच्या सीहोरचे महाराष्ट्रीय ज्योतिषी सुबाजी बापू. म्हणजे तिघांपैकी दोघे मराठी घराण्यांतले, आणि दोघेही महाराष्ट्राबाहेर राहणारे. मराठी वाङ्मयेतिहासात या दोघांना जागा मिळाली नाही, कारण त्यांनी हे वाद मराठीत घातले नाहीत. वाङ्मयाचा इतिहास भाषेच्या कुंपणात लिहिला की अशी माणसे बाहेर राहतात.

योगायोग असा, की म्यूर १८४४ मध्ये काशीच्या संस्कृत महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून काही काळ शहरात होते. ज्या वर्षी गोऱ्हे त्यांच्या पुस्तकाचे खंडन लिहीत होते, त्याच वर्षी दोघांचे वास्तव्य एका नगरात होते.

म्यूर यांच्या हाती जे ख्रिस्ती समर्थनशास्त्र होते, ते विल्यम पेली यांच्या वळणाचे होते. पेली यांचे 'ख्रिस्ती धर्माची प्रमाणे' १७९४ चे आणि 'निसर्गमूलक ईश्वरशास्त्र' १८०२ चे. माळावर सापडलेल्या घड्याळाच्या रचनेवरून घड्याळजीचे अनुमान करावे, तसे सृष्टीच्या रचनेवरून कर्त्याचे, ही पेली यांची युक्ती इंग्लंडमध्ये शालेय पाठासारखी रूढ झाली होती. यात भर रचनेवर आहे, आरंभावर नाही. घड्याळ कधी घडले हा प्रश्न त्या युक्तीत गौण ठरतो.

आरंभावर उभी असलेली युक्ती याहून पुष्कळ जुनी आणि वेगळ्या घराण्यातली. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचे ख्रिस्ती तत्त्वज्ञ जॉन फिलोपोनस यांनी ५२९ मध्ये प्रोक्लस यांच्या विश्वनित्यत्वाच्या मताविरुद्ध ग्रंथ लिहिला. जगाला आरंभ नसेल तर आजवर अनंत पिढ्या होऊन गेल्या असे मानावे लागते. पण अनंत कधी संपत नाही, मग आजचा दिवस आलाच कसा? शिवाय उद्या त्या अनंतात भर पडणार, म्हणजे अनंताहून मोठे काही निघणार. हा तर्क पुढे अरबी भाषेत गेला. अल्-किंदी यांनी तो घेतला आणि अल्-गझाली यांनी १०९५ च्या सुमारास 'तत्त्वज्ञांचे विसंगत बोल' या ग्रंथात त्याला धार लावली. सूर्याच्या तीस फेऱ्यांत शनीची एक फेरी होते. जग अनादी असेल तर दोघांच्याही फेऱ्या अनंत. मग एक राशी दुसरीच्या तिसाव्या हिश्श्याइतकी आणि तरीही तिच्या बरोबरीची कशी? सुबाजी बापूंसारख्या सिद्धांतज्योतिष्याला हे गणित ऐकून हसू आले असते. ग्रहांच्या भगणांची मोजणी तर सिद्धांतग्रंथांचा पहिला धडा. पण ती मोजणी ४ अब्ज ३२ कोटी वर्षांच्या एका कल्पापुरती असते, आणि कल्पामागे कल्प असतातच. मोजण्याचे एकक मर्यादित ठेवून काळाला मोकळे सोडण्याची ही रीत ग्रीक-अरबी वादात नव्हती.

ख्रिस्ती युरोपात मात्र या युक्तीवर एकमत कधीच झाले नाही. बोनाव्हेंचर यांनी ती स्वीकारली. थॉमस अक्वायनस यांनी १२७० च्या सुमारास लिहिलेल्या जगाच्या नित्यत्वावरील छोट्या प्रबंधात वेगळी भूमिका घेतली : जगाला आरंभ आहे हे श्रद्धेने मान्य करावयाचे सत्य आहे, तर्काने ते सिद्ध होत नाही. ईश्वराने निर्मिलेले जग अनादी असण्यात तर्कदृष्ट्या विरोध नाही. पायाचा ठसा धुळीत अनादी काळापासून असला तरी तो पायामुळेच असतो, या जुन्या दृष्टान्ताशी त्यांचे म्हणणे जुळते. कार्यकारणभाव एक आणि कालिक आरंभ दुसरा, हा विवेक अक्वायनस यांनी केला. काशीच्या वादात हाच विवेक कळीचा ठरतो, आणि तो ख्रिस्ती पक्षाकडून नव्हे तर नैयायिकांकडून आलेला दिसतो.

काशीच्या पंडितांना ईश्वरानुमान शिकवण्यास कोणी यावे लागत नव्हते. दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वरसिद्धीची अनेक अनुमाने रचली. त्यांतले अग्रगण्य कार्यत्वाचे : पृथ्वी, अंकुर वगैरे कार्ये आहेत, कार्याला कर्ता लागतो, घटाला कुंभार लागतो तसा, म्हणून त्यांचा कर्ता आहे, आणि तो आपल्यासारखा अल्पज्ञ असू शकत नाही. वरवर पाहता पेलीची ही भारतीय आवृत्ती वाटते, आणि काही मिशनऱ्यांना तशी ती वाटलीही. जेम्स बॅलंटाइन यांनी काशीच्या संस्कृत महाविद्यालयात न्यायाच्या चौकटीतून पाश्चात्त्य ज्ञान मांडण्याचा जो दीर्घ प्रयोग केला आणि १८५९ मध्ये 'ख्रिस्ती धर्म व हिंदू तत्त्वज्ञान यांची तुलना' हा संस्कृत-इंग्रजी ग्रंथ काढला, त्यामागे न्यायाला मित्र करून घेता येईल असा विश्वास होता.

परंतु घटाचा दृष्टान्त जितका देतो तितकाच घेतो. कुंभार माती घडवत नाही. न्यायवैशेषिकांचा ईश्वर हा निमित्तकारण आहे. परमाणू नित्य, आत्मे नित्य, काल-दिशा नित्य. आत्म्यांच्या अदृष्टानुसार तो परमाणूंना एकत्र आणतो आणि प्रलयात विखुरतो. कार्य हा शब्द येथे फक्त सावयव वस्तूंना लागू आहे. समग्र जगाच्या संदर्भात तो वापरला की अनुमानाचा हेतूच असिद्ध होतो. तेव्हा ख्रिस्ती वादकाने न्यायाचे बोट धरले तर तो कुंभारापर्यंत पोहोचतो, निर्मात्यापर्यंत नाही. या कुंभारावरही भारतात कडाडून टीका झाली होती. मीमांसक कुमारिलांनी 'श्लोकवार्तिका'त सृष्टी व प्रलय दोन्ही नाकारून, शरीराविना प्रजापती कसा करील आणि कोणत्या हेतूने करील, असे प्रश्न विचारले. रामानुजांनी 'श्रीभाष्या'त हे अनुमान उडवून लावले आणि ईश्वर केवळ शास्त्रगम्य असल्याचे सांगितले. तर्काने ईश्वर किंवा आरंभ हाती लागत नाही, ते श्रुतीचे वा श्रद्धेचे क्षेत्र, या एका बाबतीत श्रीरंगमचे आचार्य आणि पॅरिसचे आचार्य अनपेक्षितपणे शेजारी येतात. अर्थात या शेजारावरून एकवाक्यता काढणे चूक ठरेल, कारण रामानुजांची श्रुती अनादी सृष्टिप्रवाहाचेच प्रतिपादन करते.

'काहीही नसताना निर्माण करणे' ही कल्पना संस्कृतात मांडताना जी अडचण येते, ती केवळ शब्दाच्या अभावाची नाही. 'सृष्टी' या शब्दाच्या मुळाशी सोडणे, वाहू देणे हा अर्थ आहे. जे आत आहे तेच बाहेर येते. मराठी बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे नाव 'उत्पत्ती' असे रूढ झाले. उत्पत्तीलाही शास्त्रात समवायी कारण लागते. मग 'अभावातून भाव' म्हणावे तर ते मत काशीच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ होते, परंतु खंडनीय पूर्वपक्ष म्हणून. न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात ते येते व फेटाळले जाते. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात बौद्धांच्या माथी ते मारून त्याचा निरास केला जातो. ज्या सिद्धांताला मिशनरी आपल्या धर्माचे वैशिष्ट्य समजत, तो पंडिताच्या कानाला कधीच हरलेल्या बौद्धाचा सूर वाटत असे. बिशप्स कॉलेजचे प्राचार्य विल्यम हॉज मिल यांनी १८२८ मध्येच ख्रिस्ती धर्मशास्त्रीय संज्ञांच्या संस्कृत पर्यायांची चर्चा सुरू केली होती, त्यावरून हा प्रश्न किती लवकर जाणवला हे कळते.

तरीही एक शब्द उपलब्ध होता. नैयायिकांनी अभावाचे प्रकार केले आहेत, त्यांत 'प्रागभाव' हा वस्तूच्या उत्पत्तीपूर्वीचा अभाव : त्याला आदी नाही पण अंत आहे. सकल जगाचा प्रागभाव असे म्हटले की ख्रिस्ती सिद्धांत न्यायाच्या परिभाषेत जवळजवळ काटेकोरपणे उतरतो. अडते ते पुढच्या पायरीवर. प्रागभाव अधांतरी राहत नाही. घटाचा प्रागभाव कपालांत राहतो, पटाचा तंतूंत. जगाचा प्रागभाव कोठे राहील? अगदी हाच प्रश्न अरबी वादात वेगळ्या पेहरावात आला होता. जग होण्यापूर्वी ते होण्याची शक्यता होती, आणि शक्यतेला आश्रय लागतो, म्हणून द्रव्य अनादी, असे ॲरिस्टॉटलचे अनुयायी म्हणत. गझाली यांचे उत्तर असे की शक्यता हा बुद्धीचा निर्णय आहे, तिला बाहेर आश्रय लागत नाही. काशीतील वादात असे उत्तर कोणी दिले असते तर अभाव हा पदार्थ की केवळ बुद्धीचा व्यवहार, या प्रश्नावर न्याय आणि प्राभाकर मीमांसा यांच्यातला जुना तंटा नव्याने पेटला असता. तौलनिक अभ्यासाला खरे खाद्य अशा न झालेल्या संवादांत असते.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. शून्यातून निर्मिती हा सिद्धांत ख्रिस्ती परंपरेतही पहिल्या दिवसापासून सिद्ध नव्हता. दुसऱ्या शतकातले जस्टिन मार्टर निराकार द्रव्यापासून जग घडल्याचे सहज बोलतात; त्याच शतकाच्या उत्तरार्धात अंत्युखियाचे थिओफिलस आणि इरेनियस यांनी ग्रीकांच्या नित्य द्रव्याविरुद्ध हा सिद्धांत पक्का केला. म्हणजे तो मुळात वादातूनच घडला. काशीत त्याला पुन्हा नित्य द्रव्य मानणारे प्रतिपक्षी भेटले, पण या वेळी त्यांचे शस्त्रागार मोठे होते.

आणि या शस्त्रागारातले सर्वांत भारी शस्त्र भौतिक नसून नैतिक होते. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर वैषम्य व नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात व निर्दयता, हे दोन आरोप येतात. कोणी राजाच्या घरी जन्मतो, कोणी आंधळा जन्मतो. मग निर्माता न्यायी कसा? उत्तर : तो कर्मानुसार फळ देतो. पण पहिल्या सृष्टीपूर्वी कर्म कोठून आले? उत्तर : पहिली सृष्टीच नाही, संसार अनादी आहे. अनादित्व हे तेथे खगोलाविषयीचे विधान म्हणून येत नाही, ईश्वराच्या निर्दोषत्वाचे रक्षण करण्यासाठी येते. ते काढून घेतले तर दुःखाचा जाब थेट निर्मात्याकडे जातो.

'शास्त्रतत्त्वविनिर्णया'तल्या तरुण गोऱ्हे यांनी नेमका हा जाब मागितला. आत्मा जन्माबरोबर नव्याने निर्माण होतो असे ख्रिस्ती लोक मानत असतील, तर जन्मतःच दुःख भोगणाऱ्या अर्भकाचा अपराध कोणता? पशूंच्या यातनांचे काय? पुनर्जन्म मानणाऱ्याला या प्रश्नांपुढे मान खाली घालावी लागत नाही. ही टीका उपरोधाची नव्हे. तिच्यात विचार करणाऱ्या माणसाची अस्वस्थता आहे, आणि म्हणूनच पुढे हा माणूस दुसऱ्या काठावर गेल्यावर त्या प्रश्नाने त्याची पाठ सोडली नसावी.

'षड्दर्शनदर्पणा'त सांख्य, मीमांसा, न्यायवैशेषिक व वेदान्त यांचा क्रमाने समाचार घेतलेला आहे. त्यांतही वेदान्ताच्या त्रिविध सत्तेवरचे प्रकरण पुढील काळात अधिक गाजले. पण आरंभाच्या दृष्टीने न्यायवैशेषिकांवरचा भाग महत्त्वाचा, कारण येथे प्रतिपक्षी ईश्वरवादी आहे आणि मतभेद फार बारीक जागी आहे. गोऱ्हे यांचा मुख्य आक्षेप असा : ईश्वराशेजारी परमाणू आणि आत्मे नित्य मानले की ईश्वर त्यांच्यावाचून पांगळा होतो, ज्याला साहित्य लागते तो सर्वशक्तिमान नव्हे. येथे ते कुंभाराचा दृष्टान्त उलटा फिरवतात असे म्हणता येईल. मनुष्याला माती लागते हे मनुष्याच्या मर्यादेचे लक्षण. ते ईश्वरावर लादणे म्हणजे दृष्टान्ताचा दोष साध्यात आणणे. नैयायिक स्वतः ईश्वराला शरीराविना कर्ता मानतात, म्हणजे दृष्टान्तातला एक अंश ते सोडतातच. मग मातीचा अंश का सोडू नये? हा प्रश्न न्यायाच्या आतल्या माणसालाच सुचणारा आहे. पेलीच्या वाचकाला तो सुचला नसता.

कर्माच्या अनादित्वाविषयी मात्र गोऱ्हे यांचे प्रतिपादन तितके निर्णायक वाटत नाही. जन्माला कर्म हवे आणि कर्माला जन्म हवा, ही बीजांकुराची साखळी नैयायिक दोषरहित अनवस्था म्हणून स्वीकारतात. अनवस्था मुळावर घाव घालणारी असेल तरच ती त्यांना दोष वाटते. साखळी कितीही मागे नेली तरी दुःखाची उपपत्ती पुढे ढकलली जाते, दिली जात नाही, हा प्रतिवाद बलवान आहे. पण तो साखळीविरुद्ध आहे. आरंभाच्या बाजूने नाही. अनादी कर्माने अर्भकाच्या दुःखाचा उलगडा होत नाही असे मान्य केले, तरी नवनिर्मित आत्म्याच्या दुःखाचा उलगडा त्यामुळे आपोआप होत नाही. १८४५ च्या गोऱ्हे यांनी विचारलेल्या प्रश्नाला १८६० च्या गोऱ्हे यांचे उत्तर अखेरीस ईश्वराच्या अगाध हेतूंवर आणि मानवी बुद्धीच्या तोकडेपणावर येऊन थांबते. यात लबाडी पाहण्याचे कारण नाही. शास्त्राच्या क्षेत्रात तर्काने श्रद्धेच्या मागे चालावे, ही भूमिका त्यांनी हिंदू असताना म्यूर यांच्याविरुद्ध घेतलीच होती. धर्म बदलला, प्रमाणव्यवस्थेची घडण तशीच राहिली. म्यूर आणि पेली यांच्या बुद्धिवादी ख्रिस्ती समर्थनशास्त्रापेक्षा गोऱ्हे यांचा पिंड मीमांसक व वेदान्ती शब्दप्रामाण्याच्या अधिक जवळचा आहे. पुढे त्यांनी इंग्लंडच्या चर्चमधील उच्चचर्चीय, परंपरानिष्ठ गटाचा आश्रय घेतला, ही गोष्ट या दृष्टीने अनपेक्षित वाटत नाही.

भाषेचा प्रवासही लक्षणीय आहे. संस्कृतात लिहिलेले खंडन पंडितांसाठी होते. हिंदीत लिहिलेले दर्पण कोणासाठी? ज्याला दर्शने शिकायला मिळत नाहीत पण ज्याच्यावर दर्शनांचा धाक आहे, अशा वाचकासाठी. प्रश्न सभेतून रस्त्यावर आला. मग १८६२ मध्ये फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. हॉल हे अमेरिकन, गोऱ्हे यांच्याच वयाचे, १८२५ चा जन्म. काशीच्या संस्कृत महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले होते, आणि पुढील आयुष्यात ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशासाठी अविश्रांत मेहनत घेतली. आपले भाषांतर छापील व हस्तलिखित अशा दोन्ही हिंदी संहितांवरून केल्याचे त्यांनी मुखपृष्ठावरच नमूद केले. म्हणजे इंग्रजी पाठ छापील हिंदी पाठाहून वेगळा आहे, आणि युरोपातल्या वाचकाला जे गोऱ्हे माहीत झाले ते हॉल यांच्या हातून गेलेले. कृष्णमोहन बंदोपाध्याय यांचे 'हिंदू तत्त्वज्ञानावरील संवाद' १८६१ चे. बॅलंटाइन, गोऱ्हे, बंदोपाध्याय आणि हॉल, चार वर्षांत चार ग्रंथ. दर्शनांशी इतका गंभीर ख्रिस्ती वाद पुन्हा इतक्या दाटीने झाला नाही.

याच्या तुलनेत मराठीतला जुना नमुना आठवतो तो फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ मध्ये राशोल येथे छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'चा. तेथेही सृष्टीचा आरंभ आहे, ईश्वर एकटाच आहे आणि त्याच्या आज्ञेने जग होते. परंतु स्टीफन्स वाद घालत नाहीत. ओवी सांगत जाते. पुराणाच्या श्रोत्याला सर्गापासून सुरुवात अपेक्षितच असते, कारण सर्ग हे पुराणाचे पहिले लक्षण आहे. तेव्हा आरंभ नाकारणारी परंपरा आणि आरंभाने कथा सुरू करणारी परंपरा एकाच समाजात नांदत होत्या. स्टीफन्स दुसरीला भिडले, म्यूर पहिलीला. कोणत्या वाङ्मयप्रकाराचे दार ठोठावले यावर आतून कोणता प्रतिसाद येतो हे ठरते. गोमंतकातल्या ओवीला प्रतिखंडन आले नाही, श्लोकबद्ध शास्त्राला लगेच आले.

गोऱ्हे यांचा पुढील प्रभाव पश्चिम भारतातही पोहोचला. प्रार्थनासमाज व ब्राह्मसमाज यांच्या ईश्वरवादाशी त्यांनी दीर्घ वाद केला, आणि १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेणाऱ्या पंडिता रमाबाईंनी आपल्या बौद्धिक शंकांच्या निरसनात गोऱ्हे यांच्या लेखनाचे ऋण मान्य केले. मात्र या उत्तरकालीन वादात आरंभाचा प्रश्न मागे पडलेला दिसतो. समाजिस्टांनाही एकच निर्माता मान्य होता. भांडण आता ईश्वरदत्त ग्रंथाची गरज आहे की नाही, यावर होते. गोऱ्हे १८९५ मध्ये मुंबईत वारले.

विसाव्या शतकात आरंभाची युक्ती परत आली ती भौतिकशास्त्राच्या वाटेने. बेल्जियन धर्मगुरू व गणिती जॉर्ज लमेत्र यांनी १९३१ मध्ये विश्वाच्या आदिम अणूची कल्पना मांडली. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी आपल्या भाषणात नव्या विश्वशास्त्राला निर्मितीचे साक्षीदार ठरवले. लमेत्र यांना ते रुचले नाही, कारण विज्ञान आणि श्रद्धा यांची अशी सांगड त्यांना मान्य नव्हती. १९७९ मध्ये विल्यम लेन क्रेग यांनी गझाली यांचा तर्क 'कलाम' या अरबी नावासह इंग्रजीत पुन्हा उभा केला आणि त्याला महास्फोटाचा आधार जोडला. दुसऱ्या बाजूला, स्थिर स्थितीच्या आरंभहीन विश्वाचा पक्ष फ्रेड हॉइल यांच्यासमवेत दीर्घकाळ लढवणारे जयंत नारळीकर, ज्यांचे २०२५ मध्ये निधन झाले, ते कोल्हापुरात जन्मले पण वाढले काशीत, वडील विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असल्यामुळे. त्यांच्या विश्वशास्त्रात अनादी कर्माचे प्रतिबिंब शोधणे हा पोरखेळ ठरेल. १९६५ मध्ये सापडलेल्या पार्श्वप्रारणाचा अर्थ लावण्याचा तो वाद होता, शास्त्रार्थ नव्हे. परंतु क्रेग यांच्या इंग्रजी वाचकाला आरंभाविरुद्धचा सर्वांत जुना आक्षेप दुःखाच्या दिशेने येतो याची कल्पना सहसा नसते, आणि फिलोपोनसपासून क्रेगपर्यंतच्या परंपरेत त्या आक्षेपाला जवळजवळ जागा नाही.

त्याला एक साधे कारण आहे. 'षड्दर्शनदर्पण' इंग्रजीतून युरोपला पोहोचले. ज्या ग्रंथाने तो आक्षेप ख्रिस्ती सिद्धांताविरुद्ध समोरासमोर मांडला, तो 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हस्तलिखितातच राहिला. नव्वद वर्षे वाचकांपुढे गोऱ्हे यांचे उत्तर होते, प्रश्न नव्हता. सदाशिव ल. कात्रे यांनी संपादिलेला तो ग्रंथ उज्जैनच्या सिंधिया प्राच्यविद्या संस्थेतून छापून निघाला १९५१ मध्ये, पोप पायस यांच्या भाषणाच्याच वर्षी.